घे ना, तुझा मुलगा: तोरातली एक ओळ ज्यू पद्धतीने कशी वाचायची

तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, वाचायला घेतली तेव्हा माझी पहिली चूक अशी झाली की मी ती भराभर वाचली. तिच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, बाविसावा अध्याय, म्हणजे अब्राहाम आपल्या मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो ती गोष्ट, मी पाच मिनिटांत संपवला. भाषांतर गुळगुळीत होतं, त्यामुळे कुठे अडखळलोच नाही. पुढे कळलं की ज्यू टीकाकारांचं सगळं काम अडखळण्यापासून सुरू होतं. ज्याला ओळ खुपली नाही त्याला टीका कशासाठी लिहिली हेच समजत नाही.

म्हणून हा लेख पायऱ्यांचा असला, तरी पायऱ्या एकाच अध्यायावर चढायच्या आहेत: उत्पत्ती २२. हिब्रूत या प्रसंगाला ‘अकेदा’ म्हणतात, म्हणजे बांधणं. इसहाकाला वेदीवर बांधलं ते. इतिहास वाटेत येईल तसा सांगतो. सगळा इतिहास आधी आणि वाचन नंतर असं केलं की वाचन राहूनच जातं.

आधी पान कसं दिसतं ते बघा

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. संदेष्टे आणि इतर लेखन धरून जो संपूर्ण संग्रह होतो तो तनाख. टीकांसह छापलेल्या आवृत्तीला ‘मिक्राओत गदोलोत’ म्हणतात. मध्ये मोठ्या अक्षरात मूळ ओळी, शेजारी ओंकेलोसचं अरामी भाषांतर आणि भोवती बारीक टाइपात टीकाकार दाटीवाटीने बसलेले. आपल्याकडच्या सटीक पोथ्या पाहिलेल्याला हे पान परकं वाटणार नाही. फरक इतकाच की इथे एक टीका नसून चार-पाच असतात, आणि त्या एकमेकांशी भांडत असतात. व्हेनिसमध्ये दानिएल बोम्बेर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानदाराने १५१७ मध्ये पहिली अशी आवृत्ती काढली. १५२४–२५ ची दुसरी आवृत्ती पुढच्या सगळ्यांना नमुना ठरली.

आज त्यासाठी जाडजूड खंड विकत घ्यायची गरज नाही. ‘सेफारिया’ या फुकट संकेतस्थळावर ओळीवर बोट ठेवलं की टीका बाजूला उघडतात, बऱ्याच इंग्रजी भाषांतरासह. हिब्रू येत नसेल तरी अडत नाही. पण बावीस अक्षरं शिकून घ्या, आठवड्याचं काम आहे. संस्कृतात धातू तसं हिब्रूत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात, आणि तेच मूळ दुसरीकडे पुन्हा आलं हे डोळ्यांना दिसणं, हीच या वाचनातली निम्मी कमाई आहे.

पहिली पायरी: टीका झाका आणि खुपतंय कुठे ते शोधा

वही घ्या. डाव्या पानावर ओळ उतरवा, शब्दाला शब्द ठेवून, मराठी वाकडी झाली तरी चालेल. बाविसाव्या अध्यायाची सुरुवात अशी होते: ‘आणि झालं असं, ह्या गोष्टींनंतर, देवाने अब्राहामाची कसोटी घेतली.’ दुसरी ओळ: ‘आणि म्हणाला, घे ना तुझा मुलगा, तुझा एकुलता, ज्याच्यावर तुझं प्रेम आहे, इसहाक, आणि जा मोरिया देशात...’

आता उजव्या पानावर फक्त प्रश्न. कुठल्या गोष्टींनंतर? देवाला सगळं ठाऊक असतं तर कसोटी कशाला? हुकूमच द्यायचा तर ‘घे ना’ अशी विनवणी का? एकाच मुलासाठी चार शब्द का, ‘इसहाकाला घे’ म्हणून भागलं नसतं? आणि एकुलता कसा, दुसऱ्या बायकोपासून झालेला इश्माएल आहे की!

‘घे ना’ इथे मुद्दाम थांबा. मूळ हिब्रू ‘काख ना’ असं आहे. हिब्रूतलं ‘ना’ आणि आपलं ‘ना’ यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण काम तेच करतात. बरीच भाषांतरं ते ‘ना’ गिळून टाकतात. मराठीत ते आयतं सापडतं. ‘गोष्ट’ शब्दाचंही तसंच. मुळात ‘दवारीम’ आहे, ज्याचा अर्थ घडलेल्या बाबी असाही होतो आणि बोललेले शब्द असाही. मराठीत आपण गोष्ट करतो, गोष्ट सांगतो आणि गोष्टी घडतातही. टीकाकारांचा पहिला वाद नेमका याच शब्दावर होतो.

प्रश्न लिहिताना उत्तर सुचलं तरी लिहू नका. एका अध्यायाला दहा प्रश्न निघाले नाहीत तर पुन्हा वाचा. या अध्यायात ‘दोघे बरोबर चालले’ हे शब्द दोनदा येतात, सहाव्या ओळीत आणि आठव्या ओळीत. एकोणिसाव्या ओळीत ‘बरोबर’ तिसऱ्यांदा येतं, पण तिथे अब्राहाम चाकरांबरोबर चाललेला आहे. मुलगा गेला कुठे? मला ही ओळ दिसायला चौथं वाचन लागलं.

दुसरी पायरी: मिद्राश काय म्हणतो ते ऐका

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. यज्ञ थांबले, आणि हळूहळू ग्रंथाचं वाचन हाच उपासनेचा गाभा झाला. वाचून अर्थ सांगण्याची रीत त्याही आधीची आहे. तनाखातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगितला जातो, असं वर्णन आहे. पण मंदिर गेल्यावर या कामाला धार आली. सुमारे २०० साली मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, सिद्ध झाली, त्यावरच्या चर्चेतून ताल्मूद उभा राहिला, आणि कथाभागावरचं निरूपण मिद्राशांच्या संग्रहांत साठत गेलं. उत्पत्तीसाठी ‘बरेशीत रब्बा’ हा त्यातला मुख्य संग्रह.

त्या वाचनामागचं गृहीतक एकच: ग्रंथात एक अक्षरही वायफळ नाही. शब्द जास्त असेल तर तो काहीतरी सांगतोय, कमी असेल तर काहीतरी लपवतोय.

मग चार शब्दांचं काय? ताल्मूदमध्ये, सन्हेद्रीन या भागाच्या ८९व्या पानावर, त्या ओळीतून एक संवाद उभा केला आहे. देव म्हणतो, तुझा मुलगा घे. अब्राहाम म्हणतो, मला दोन मुलगे आहेत. तुझा एकुलता. हाही त्याच्या आईचा एकुलता, तोही त्याच्या आईचा. ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो. प्रेम दोघांवरही आहे. इसहाक.

एका बाजूचे शब्द तेवढे ग्रंथात आहेत. दुसरी बाजू मिद्राशने ऐकली. फोनवर बोलणाऱ्याचं एवढंच ऐकू यावं आणि पलीकडचा काय म्हणाला असेल ते आपण जुळवावं, तसं. ओळीतला एकही शब्द बदललेला नाही, पण हुकूम ऐकून मुकाट निघणारा अब्राहाम आता शब्दाशब्दाला अडवणारा बाप झाला.

मिद्राशची आणखी एक रीत मराठी वाचकाच्या ओळखीची निघेल. पुष्कळदा निरूपणकार आजच्या ओळीपासून सुरुवातच करत नाही. स्तोत्रसंहितेतली किंवा नीतिसूत्रांतली लांबची एखादी ओळ घेतो, तिचा अर्थ खेळवत नेतो आणि शेवटी अलगद आजच्या ओळीवर येऊन टेकतो. याला पेतिख्ता म्हणतात. कीर्तनकार कुठला अभंग लावून कुठे पोचतो हे पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. कोकण-मुंबईच्या बेने इस्रायली ज्यूंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली, ती मला म्हणूनच चपखल वाटतात.

नियमांची बाजू, थोडक्यात

कथा सोडून कायद्याच्या ओळी वाचायच्या असतील तर मोकळं निरूपण चालत नाही. तिथे नियम लागतात. हिल्लेल या जुन्या धर्मपंडिताच्या नावावर सात आहेत, रब्बी (म्हणजे धर्मगुरू) इश्माएलच्या नावावर तेरा. ते तेरा सकाळच्या प्रार्थनेत रोज म्हटलेही जातात. सगळे पाठ करत बसू नका. दोन पुरेत.

पहिला ‘काल वाखोमेर’, म्हणजे आपला कैमुतिक न्याय: लहान बाबतीत असं, तर मोठ्या बाबतीत काय सांगावं! मोशे म्हणतो, इस्राएल लोकच माझं ऐकत नाहीत, मग मिसरचा राजा फारो कसा ऐकेल (निर्गम ६:१२).

दुसरा ‘गझेरा शावा’: एकच शब्द दोन ठिकाणी आला तर एकीकडचा नियम दुसरीकडे लागतो. वल्हांडण सणाचा बळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी आला तर काय करायचं, असा पेच पडला होता. हिल्लेलने दाखवलं की ‘नेमल्या वेळी’ हा शब्द रोजच्या बळीच्या बाबतीतही आहे आणि वल्हांडणाच्याही. रोजचा बळी शब्बाथला थांबत नाही, तर हाही थांबणार नाही. हे हत्यार इतकं धारदार आहे की ते प्रत्येकाने मन मानेल तसं चालवू नये, गुरूकडून आलेलंच वापरावं, असा निर्बंध ताल्मूदनेच घातला.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हे पैशाच्या भरपाईबद्दल आहे, हा निकालही असाच तासून काढलेला आहे. ताल्मूदमधल्या बावा कामा या भागाच्या ८३–८४ पानांवर एकामागून एक युक्तिवाद येतात. एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी कशी? आंधळ्याने कोणाचा डोळा फोडला तर त्याचं काय काढणार? प्रत्येक युक्तिवादावर हरकत घेतली जाते आणि पुढचा आणला जातो. निकाल आधीपासून ठाऊक असलेली माणसं इतका घाम का गाळतात, हा प्रश्न वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

तिसरी पायरी: राशी, आणि त्याला काय खुपलं

राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी (१०४०–११०५), फ्रान्समधल्या त्रुआ गावचा. भविष्यातल्या राशीशी संबंध नाही. तारीख छापलेलं सर्वांत जुनं हिब्रू पुस्तक म्हणजे याचीच तोरावरची टीका, १४७५. ‘राशी लिपी’ म्हणून जी वळणदार अक्षरं टीकेसाठी वापरतात ती मात्र त्याची नव्हेत. ती छापखान्यांनी लावली. अवघड शब्द आला की हा माणूस बिनदिक्कत हिब्रू अक्षरांत जुना फ्रेंच शब्द लिहून मोकळा होतो, घरी बोलतात तो.

राशी प्रश्न सांगत नाही, फक्त उत्तर देतो. म्हणून प्रत्येक टिपणापाशी विचारायचं: इथे राशीला काय खुपलं? हा प्रश्न घरोघर पोचवला नेहामा लेबोविट्झ (१९०५–१९९७) या जेरुसलेमच्या शिक्षिकेने. १९४२ पासून तीसेक वर्षं ती दर आठवड्याच्या पाठावर प्रश्नपत्रिका काढत असे. लोक टपालाने उत्तरं पाठवत आणि ती तपासून परत करत असे.

करून पाहू. ‘घे ना’वर राशी लिहितो: ‘ना’ म्हणजे विनंतीच, देव म्हणाला, एवढी कसोटी माझ्यासाठी पार पाड, नाहीतर लोक म्हणतील आधीच्या कसोट्यांत काही दम नव्हता. पुढे ‘त्याला वर चढव’ या शब्दांवर त्याचं टिपण आहे: देव ‘त्याला काप’ असं म्हणालाच नाही. डोंगरावर चढवायला सांगितलं. चढवल्यावर म्हणाला, आता उतरव. राशीला काय खुपलं? पुढे देव स्वतःच हात थांबवतो, म्हणजे शब्द फिरवतो की काय, हे. तोडगा त्याने क्रियापदातच शोधला, कारण होमबलीसाठीचा हिब्रू शब्द ‘चढणे’ याच धातूवरून आला आहे. ही युक्ती थोडी वकिली वाटेल. मलाही वाटते. पण बाहेरून काहीही न आणता, ओळीतल्याच शब्दाने अडचण सोडवायची, ही शिस्त तिच्यात दिसते.

‘ह्या गोष्टींनंतर’ याचे राशी दोन पर्याय देतो, दोन्ही मिद्राशचे. एक म्हणजे सैतानाने देवाकडे चहाडी केली त्या बोलण्यानंतर: अब्राहामाने एवढी मेजवानी दिली, तुझ्यासाठी एक बैलही कापला नाही. दुसरा, इश्माएल आणि इसहाक यांच्यातल्या फुशारकीनंतर. ‘दवारीम’चा ‘बोलणं’ हा अर्थ त्याने धरला.

चौथी पायरी: आता भांडण लावा

बहुतेक नवखे वाचक राशीपाशीच थांबतात. मीही वर्षभर थांबलो होतो, आणि ते वर्ष काहीसं वाया गेलं असं आज वाटतं. कारण गंमत पुढे आहे.

राशीचा नातू रश्बाम. तो ‘पेशात’वाला, म्हणजे संदर्भातून निघणारा सरळ अर्थ धरणारा. उत्पत्ती ३७:२ वर तो लिहून ठेवतो की आपण आजोबांशी वाद घातला आणि आजोबांनी कबूल केलं: सवड असती तर रोज नव्याने सापडणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे दुसऱ्या टीका लिहाव्या लागल्या असत्या. असला कबुलीजबाब टीकाग्रंथात फार क्वचित भेटतो. ‘ह्या गोष्टींनंतर’बद्दल रश्बाम म्हणतो, सैतान वगैरे नको, मागचं पान बघा. मागच्या पानावर अब्राहामाने पलिष्ट्यांच्या अबीमलेखाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा करार केला आहे. जी जमीन देवाने त्याला देऊ केली होती तिच्याबद्दल करार! देव रागावला, आणि म्हणून त्याने अब्राहामाला छळलं; ‘कसोटी घेतली’ या क्रियापदाचा अर्थच तो ‘डिवचलं, त्रास दिला’ असा लावतो. सरळ अर्थ सौम्यच असतो असं नाही, हे इथे कळतं.

इब्न एझ्रा स्पेनमधल्या तुदेलाचा, बाराव्या शतकातला, व्याकरणाचा पक्का आणि जिभेचा तिखट. त्याला गाठायचं ते इसहाकाच्या वयावरून. मिद्राश म्हणतो इसहाक सदतीस वर्षांचा होता. हिशेब असा: इसहाक झाला तेव्हा त्याची आई सारा नव्वद वर्षांची, वारली तेव्हा एकशे सत्तावीस; तिच्या मृत्यूची नोंद अकेदाच्या पाठोपाठ येते, म्हणजे बातमी ऐकूनच ती गेली. एकशे सत्तावीस वजा नव्वद, सदतीस. वजाबाकी बिनचूक, पण दोन प्रसंग एकामागून एक घडले हे त्यात गृहीत धरलेलं. इब्न एझ्रा म्हणतो, परंपरेचं वचन असेल तर मान्य करू, पण बुद्धीला पटत नाही. सदतीस वर्षांचा गडी स्वतःहून बांधून घेत असेल तर त्याचं मोठेपण बापाच्या दुप्पट, मग ग्रंथ त्याच्याबद्दल गप्प का? पाच वर्षांचा म्हणावा तर लाकडांची मोळी कशी उचलली? तेव्हा तेराच्या आसपासचा असणार, आणि बापाने त्याला जबरदस्तीने बांधलं.

तीनही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येक वयाचा इसहाक घेऊन अध्याय पुन्हा वाचा. सातव्या ओळीतलं ‘बाबा, विस्तव आणि लाकडं आहेत, पण कोकरू कुठंय?’ हे वाक्य तिन्ही वेळा वेगळं ऐकू येतं.

शेवटी रंबान, जिरोनाचा (११९४–१२७०), ज्याने १२६३ मध्ये बार्सिलोनाच्या दरबारात जाहीर वादविवाद केला. त्याला तत्त्वज्ञ रंबामशी (११३८–१२०४) गल्लत करू नका. एका अक्षराचा फरक आहे आणि सुरुवातीला सगळ्यांचीच फसगत होते. कसोटी कशाला, याला रंबानचं उत्तर: कसोटी म्हणतात ती ज्याची घेतली त्याच्या बाजूने. देवाला ठाऊक होतं. पण मनातलं कृतीत उतरावं आणि कृतीचं फळ मिळावं. रंबाम म्हणतो, कसोटी जगाला दाखवण्यासाठी: देवावरचं प्रेम आणि भय कुठवर जातं ते. तीन दिवसांची वाटचालही त्यासाठीच, झटक्यात केलं असं कोणी म्हणू नये.

पाचवी पायरी: चार थर, पण फार गुंतू नका

मध्ययुगात अर्थाचे चार थर सांगायची रीत पडली: पेशात म्हणजे सरळ, रेमेझ म्हणजे सूचित, दराश म्हणजे निरूपण आणि सोद म्हणजे गूढ. आद्याक्षरांतून ‘पार्देस’ होतं, म्हणजे फळबाग. गूढाचा मोठा ग्रंथ झोहार, तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेला. त्याच्या दृष्टीने अब्राहाम म्हणजे दया, इसहाक म्हणजे कठोर न्याय. अकेदात पाणी आणि आग एकमेकांत मिसळतात. नवख्याने एवढं ऐकून पुढे जावं. ताल्मूदचं ‘ओळ आपल्या सरळ अर्थातून कधी बाहेर पडत नाही’ हे वचन मात्र उशाशी ठेवावं. तिथेच रब्बी कहाना कबूल करतो, अठराव्या वर्षापर्यंत माझा सगळा ताल्मूद शिकून झाला होता, पण हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

सहावी पायरी: इतिहासाचे प्रश्नही विचारा

पहिल्या दहा ओळींत ‘एलोहीम’ हे नाव आहे, अकराव्यापासून देवाचं चार अक्षरी नाव येतं. जुने रब्बी म्हणतात, पहिलं नाव न्यायाचं, दुसरं दयेचं. आधुनिक अभ्यासक म्हणतात, दोन लेखण्या. तत्त्वज्ञ स्पिनोझाने १६७० मध्ये तोरा मोशेने लिहिली यावर उघड शंका घेतली तेव्हा त्याने आधार घेतला तो इब्न एझ्राचाच. तोरातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १:२ वर इब्न एझ्राने काही ओळींची यादी देऊन ‘समजलास तर सत्य कळेल’ एवढंच म्हटलं होतं. त्या यादीत आपल्या अध्यायाची चौदावी ओळही आहे: ‘परमेश्वराच्या डोंगरावर दिसेल, असं आज म्हणतात.’ हे ‘आज’ कोणाचं? परंपरा मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही इथे थांबावंच लागतं.

आणि एकटे वाचू नका. जोडीने वाचण्याला ‘खाव्रुता’ म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. मी आणि माझा एक मित्र आठवड्यातून एकदा तासभर बसतो. तासाला तीन ओळी झाल्या तर वेग बरा म्हणायचा. तो रश्बामच्या बाजूचा, त्यामुळे माझे मिद्राश तो दर वेळी पाडतो. मुलगा गेला कुठे, या माझ्या चौथ्या वाचनातल्या प्रश्नावर मी बरेशीत रब्बातलं उत्तर दिलं: बापाने त्याला तोरा शिकायला नोहाचा मुलगा शेम याच्याकडे पाठवलं. मित्र म्हणाला, इब्न एझ्रा वाच. बापाच्या छायेखाली होता म्हणून नाव घेतलं नाही, बस.

उत्पत्ती २२ हाताखालून गेला की पुढच्या बैठकीला ४:८ घ्या. हिब्रूत ती ओळ अशी आहे: ‘आणि काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला. आणि ते शेतात असताना काइन हाबेलवर उठला आणि त्याला ठार मारलं.’ काय म्हणाला, ते लिहिलेलंच नाही. काही भाषांतरं ‘चल, शेतात जाऊ’ असे शब्द भरतात. ते खोडा, जागा मोकळी ठेवा आणि टीका उघडण्याआधी उजव्या पानावर तारीख घाला.